जस्ताची बोटं

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची सुरतेला! उधना स्टेशनावर उतरले तेव्हा दोन बॅगा, एक कुकर आणि आईने बळेच कोंबलेली कळण्याच्या पिठाची पिशवी एवढाच माझा संसार होता. भुसावळच्या फलाटावर बाबा शेवटपर्यंत बजावत होते, की रूपाली, एम.एस्सी. झालीस म्हणून शहाणी झालीस असं समजू नकोस. उभा जन्म रेल्वेत गेला त्यांचा, पण लेकीची बॅग गाडीत चढवताना दोनदा डबा चुकले. गाडी सुटेपर्यंत मी हसत होते, सुटल्यावर मात्र भोकाड पसरलं. समोरच्या बाईंनी न विचारता केळं दिलं, तेव्हा थांबले.

खोली डिंडोलीत मिळाली आहे, भाईदास पाटलांच्या घराची वरची. माणसं अमळनेरकडची. भाईदासआबांचं आयुष्य डाइंगच्या मिलमध्ये गेलं, आता ते गुडघे चोळत दारात बसतात. सरलामावशी आणि त्यांची सून धनश्री घरीच साड्यांवर खडे चिकटवायचं काम करतात. मुलगा ललित लूमवर बारा तासांची पाळी करतो आणि उरलेल्या वेळात झोपतो. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी. जेवण दोन्ही वेळा त्यांच्याकडेच. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसाठी आबांनी स्वतः जिना चढून खिळा ठोकून दिला आणि गुडघा दुखवून घेतला म्हणून मावशींची बोलणी खाल्ली.

पण घरावर राज्य चालतं ते गायत्रीचं. गायू म्हणतात तिला. तीन महिन्यांची आहे, धनश्री तिला घेऊन परवाच माहेराहून आली. आणि रडणं? आबा म्हणतात, मिलच्या खात्यात चाळीस वर्षं ऐकलं नाही एवढं ही पोरगी एका दुपारी ऐकवते. ती रडली रे रडली, की धनश्री हातातली साडी, चुलीवरचा तवा, असेल ते टाकून धावते. सांगत होती, की नुसता आवाज कानावर आला की तिला पान्हा फुटतो, मग तिला इच्छा असो नसो, ब्लाउज भिजतोच. सांगताना लाजली आणि हसलीही. मला घर फार आवडलं.

७ मार्च, शुक्रवार

प्रयोगशाळेत पहिला आठवडा संपला. भेस्तानच्या बाजूला आहे, शेअर रिक्षाने जाते. बाहेरून पाहिलं तर गोदाम, आत शिरलं की एकदम चकाचक. आमचे मुख्य धर्मेंद्र सर फार शांत माणूस. खरं तर सगळेच शांत आहेत. कॉलेजच्या लॅबमध्ये एक बीकर फुटला तर आमचे सर तीन मजले ऐकू जाईल असे ओरडायचे. इथे काल माझ्या हातून फ्लास्क फुटला, तर सरांनी पाहिलं आणि रूपालीबेन, झाडू तिकडे आहे, एवढंच म्हणाले. कुणी कुणावर चिडत नाही. असं ऑफिस मिळायला नशीब लागतं.

आईने फोनवर विचारलं, की तू तिथे नक्की करतेस काय. तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. आपल्या पेशींत काही प्रथिनं असतात, त्यांना बोटांसारखे दुमडलेले भाग असतात. एकेका बोटात जस्ताचा एक अणू असतो, तो आहे म्हणून बोट वाकलेलं राहतं. ही बोटं डीएनएला नेमक्या जागी धरतात, आणि कुठला जनुक चालू ठेवायचा, कुठला बंद, ते त्या पकडीवर ठरतं. जस्त काढून घेतलं की बोट उलगडतं, पकड सुटते आणि जनुक गप्प बसतो. आम्ही बनवतो ती रसायनं हेच करतात. हव्या त्या बोटातलंच जस्त काढायचं आणि बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, सगळं कसब त्यात आहे. आमचं सगळ्यात पुढे गेलेलं रसायन म्हणजे चौदा नंबर. दुखणं मेंदूला कळवणाऱ्या नसांत जे प्रथिन राखण करतं, त्याची बोटं ते सोडवतं. ज्यांना कॅन्सरच्या वेदनांनी झोप लागत नाही त्यांच्यासाठी. आई ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, की माझ्या कंबरेसाठी एक बाटली घेऊन ये.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. मावशींनी पुरणपोळ्या केल्या, मला ताटात बसतील तेवढ्या वाढल्या आणि वर पुन्हा वाढल्या.

सकाळी चेतनबरोबर उंदीरघरात गेले होते. चेतन उंदीर सांभाळतो. साधा उंदीर गरम पत्र्यावर ठेवला, की तो लगेच पंजा झटकतो, चाटतो, उडी मारतो. चौदा नंबर दिलेला उंदीर उभा राहतो. इकडे तिकडे बघतो. चेतनच त्याला उचलतो, नाहीतर त्याचे तळवे भाजले असते. मी टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा पावडरीने हे होतं! मिलिग्रॅमचाही कितवा तरी भाग लागतो.

चेतनने आणखी एक पिंजरा दाखवला. त्यात व्यालेली मादी होती, तिलाही चौदा नंबर दिलेलं. पिल्लं घरट्याबाहेर सरकली की आई तोंडात धरून परत आणते, हे उंदरांत अगदी ठरलेलं. ही आणत नव्हती. शेजारी बसून आपली खात होती. आणि पिल्लंही चीं करत नव्हती. चेतन म्हणाला, की सगळी पिल्लं अशीच जातात. दूध असतं, आई असते, पण कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. औषध बंद करून बरेच दिवस झाले तरी मादी पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, की तो वेगळा मुद्दा आहे, नंतर बघू. मला जरा कसंसंच झालं, पण घरी आले तर गायू नुसती बोंबलत होती आणि धनश्री पिठाच्या हातांनी धावत होती. त्या दोघींना बघून बरं वाटलं.

१७ मार्च, सोमवार

आज मी घरात हिरो ठरले.

गल्लीत पाइपलाइनचं काम निघालंय, पाणी कसंबसं थोडा वेळ येतं. आणि नेमका आबांचा जुना ड्रम तळाशी तडकला. इथे घरोघरी ते निळे प्लास्टिकचे ड्रम असतात, केमिकलच्या कंपन्यांतून रिकामे होऊन आलेले. पाणी त्यातच, धान्य त्यातच, लग्नात सरबतसुद्धा त्यातच. आमच्या कंपनीत नियम असा, की रिकामा ड्रम कापल्याशिवाय गेटबाहेर जायचा नाही. पण स्टोअरचे कुंदनभाई धड असलेले ड्रम स्टाफसाठी बाजूला ठेवतात, ही गोष्ट सगळ्यांना माहीत. मी मागितला तर त्यांनी रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, की यात स्पिरिट होतं, उडून जातं, बिनधास्त न्या. लेबल कुणीतरी आधीच काढलेलं होतं.

मी तोंड घालून वास घेतला. काही नाही. घरी साबणाने, मग चिंचेने, मग नुसत्या पाण्याने घासघास घासला. आबांनीही ड्रमची परीक्षा घेतली. ड्रममध्ये डोकं घालून भरपूर श्वास ओढला आणि बाहेर येऊन निकाल दिला: "वास नही येत, मंग चांगला से." डाइंगच्या माणसाचा हा नियमच आहे. जिथे नाल्यापासून शर्टापर्यंत सगळ्याला रंगाचा न् ॲसिडचा वास येतो, तिथे ज्याला वास नाही ते स्वच्छ. मलाही ते पटलं. मावशींनी ड्रमला हळदकुंकू लावलं आणि पहिली कळशी माझ्या हातून ओतवली. कुणाच्या तरी घरी आपल्यामुळे सोय झाली, याचं सुख मोठं असतं.

२४ मार्च, सोमवार

आबा आज जिना चढून वर आले, नुसते चढून दाखवायला! "मना गुडघा आते दुखतच नही," म्हणाले आणि खाली जाऊन पुन्हा वर आले. मावशींची मान मोकळी झाली, दिवसभर साडीवर वाकून ती आखडायची. मलाही या महिन्याला पोटात दुखलं नाही. पहिल्यांदाच. दर महिन्याला मी गरम पाण्याची पिशवी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते, या वेळी लॅबमध्ये उभी राहून काम केलं. सुरतची हवा मानवली म्हणायची.

गायूही रुळली. रडणं बरंच कमी झालं. शेजारची बाई विचारत होती, की घुटी कुठली देता.

३० मार्च, रविवार

पाडवा. श्रीखंड, कडुनिंब सगळं झालं. कडुनिंब खाताना कुणी तोंड वाकडं केलं नाही. ललितने तर दोनदा घेतलं.

दुपारी मावशी पोळ्या करत होत्या. मी सांडशी शोधत होते, तेवढ्यात त्यांनी तवा हातानेच उचलून बाजूला ठेवला. सावकाश. धडपड नाही, हाय नाही. मी किंचाळले. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला, कातडी पांढरी पडून वर आली होती. मग पुढची पोळी लाटायला घेतली. मी बळेच हात पाण्याखाली धरला, तर मला म्हणाल्या, की कशाला एवढं, काही होत नाही.

गायू दिवसभर झोळीत. डोळे उघडे. फार शहाणी झालीय, असं सगळे म्हणतात.

४ एप्रिल, शुक्रवार

आज लवकर घरी आले. धनश्री आणि मावशी खडे चिकटवत बसल्या होत्या, शेजारी सतरंजीवर गायू. मी तिला घ्यायला वाकले तर तिच्या मानेच्या घडीत लाल मुंग्या. कानामागेही. दूध सांडलेलं असावं, त्याला लागल्या होत्या. चावत होत्या, मान लाल झाली होती, आणि पोरगी डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत होती. रडत नव्हती. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

मी मुंग्या झटकल्या, पुसल्या, तिला उराशी धरलं, मीच रडले. धनश्रीने वर पाहिलं आणि म्हणाली, "मुंग्या व्हयन्यात का?" मग गोंदाची नळी उचलली.

तिचा ब्लाउज कोरडा होता. मी तिला विचारलं, सकाळपासून पाजलंस का. ती विचार करू लागली.

चेतनचा पिंजरा आठवला. मग तवा आठवला, आबांचा गुडघा, माझं पोट. आणि मग ड्रम.

५ एप्रिल, शनिवार

कुंदनभाईंना गाठलं. कुठल्या रांगेतला ड्रम, ते नीट विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं, की डाव्या बाजूची रांग स्पिरिटची, उजवीकडे चौदा नंबरच्या धुवणाचे होते, जाळायला जायचे म्हणून लेबलं काढलेली. मी उजवीकडून घेतला होता. त्यांनी बोट दाखवलं ते डावीकडे, असं ते म्हणतात. चौदा नंबर पाण्यात फार विरघळत नाही, प्लास्टिकला धरून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. आणि त्याला वास नाही. तो नाही हे मी स्वतःच्या हाताने रिपोर्टमध्ये लिहिलं होतं.

घरी येऊन सगळ्यांना बसवून सांगितलं. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. या पाण्याने दुखणं कळत नाही, आणि तेच दुधातून जातं म्हणून पोरीला भूकही कळत नाही, आणि धनश्रीला तिचं रडणं. सगळ्यांनी ऐकलं. कुणी घाबरलं नाही. आबा उठले, ड्रममध्ये डोकं घातलं, वास घेतला, परत येऊन बसले. म्हणाले, पाणी चांगलं आहे.

मी घाबरलेय. फार घाबरलेय. एवढी भीती मला अजून वाटतेय याचा आज आधार वाटला. म्हणजे मी अजून शाबूत आहे. आजपासून बाटलीचंच पाणी.

गायूला पाजायची वेळ मी धनश्रीला सांगते. सांगितलं की ती पाजते. न सांगता नाही.

७ एप्रिल, सोमवार

धर्मेंद्र सरांना सगळं सांगितलं. माझा आवाज चिरकत होता. एक लहान मूल आहे, म्हटलं, आपल्यामुळे. ते खमण खात होते. ऐकून घेतलं, मान हलवली, मेल करून ठेवा म्हणाले. त्यांच्या मनगटावर ऑइल बाथच्या गरम तेलाने भाजल्याचा डाग होता, बराच जुना, न बांधलेला, चिघळलेला. त्यावर चटणी लागली तरी त्यांना—

बाहेर आले तर सगळे आपापल्या जागी काम करत होते. शांत. मला आवडायचं ते.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी सगळे आत असताना ड्रम आडवा केला. पाणी गटारात गेलं. दुपारी येऊन पाहते तर आबांनी उभा करून भरून ठेवलेला. रागावले नाहीत. पाणी आलं होतं, भरलं, एवढंच.

मग सुरी आणून बुडाशी भोक पाडायला बसले. प्लास्टिक जाड आहे. थोड्या वेळाने फरशीवर रक्त दिसलं. कुणाचं ते शोधत होते. माझ्याच तळहाताचं— आरपार नाही, पण खोल— कळलंच नव्हतं.

बाटलीचं पाणी पिते तरी. मग आधीचं सुटलं नाही म्हणायचं. मादीचंही सुटलं नव्हतं.

हाताला रुमाल बांधला. ड्रमचं राहून गेलं.

१२ एप्रिल, शनिवार

आईचा फोन. मामा गेले. शिकवलं त्यांनी मला, फी भरली, खांद्यावर बसवून दीक्षाभूमी दाखवली. आई फोनवर हुंदके देत होती. मी ऐकत होते. तिचं थांबल्यावर मी हो म्हटलं. मग पोहे खाल्ले. पोहे बरे झाले होते.

मातीला ये म्हणाली. बघते म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. उधन्याकडून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते. दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. तसबिरीला हार घातला, मेणबत्ती लावली. उभी राहिले. काही आलं नाही. निळा झेंडा घेतलेली पोरं गल्लीतून ओरडत गेली, जय भीम म्हणाली. मीही म्हणाले.

गायूच्या बरगड्या दिसतात. हात लावून पाहिल्या.

१९ एप्रिल, शनिवार

आज सांगायचं राहिलं. संध्याकाळी आठवलं. धनश्री जशी सकाळी बसली होती तशीच बसलेली, साड्यांची चळत संपत आलेली. मग सांगितलं. तिने पाजलं. गायूला ओढायचं कळत नव्हतं, तोंडात नुसतं धरून राहिली.

दवाखान्यात न्यायला पाहिजे. उद्या नेते.

बाटली वर राहिली होती. खालचंच पाणी प्याले.

२४ एप्रिल, गुरुवार

धनश्रीचा भाऊ आला, भूपेंद्र. मुराळी म्हणून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला. अमळनेरला झोके बांधून झालेत, आंबे आलेत, आई वाट बघतेय. आखाजीला लेक घरी आली नाही असं खान्देशात होत नाही. मी खिडकीतून पाहिलं आणि वाटलं, सुटली पोरगी. वाटलं म्हणजे, तसं वाटायला हवं हे कळलं.

त्याने गायूला उचललं आणि ओरडला. खरोखर ओरडला. किती दिवसांनी या घरात कुणी ओरडलं. पोरीचं काय केलं म्हणून विचारलं, मावशींना, ललितला, बहिणीला. "पोर वाळी गयी अन् तुमले दिसत नही का रे?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्ताच्या आत्ता दोघींना घेऊन जातो म्हणाला.

मावशी म्हणाल्या, ऊन फार, आधी पाणी पी. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, ते त्या विसरत नाहीत. ड्रमातून तांब्या भरला.

मी जिन्यात उभी होते. तीन पावलांवर. पिऊ नको एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. मग वाटलं, सगळं पहिल्यापासून समजवावं लागेल. तो घटाघटा प्याला. आणखी मागितलं.

धनश्री म्हणाली, सकाळी जाऊ, एवढ्या साड्या संपवते. तो थांबला.

२५ एप्रिल, शुक्रवार

भूपेंद्र अंघोळ करून जेवला. गायूला थोडा वेळ घेऊन बसला. दवाखान्याचं बोलला एकदा. उद्या म्हणाला.

मीही उद्याच म्हणते.

२७ एप्रिल, रविवार

भूपेंद्र गेला. एकटाच. धनश्री म्हणाली, यावं असं काही वाटत नाही. बरं, म्हणाला. पिशवीतले आंबे ठेवून गेला. दारात वळून पाहिलं नाही, आमच्याकडूनही कुणी नाही.

आई रोज फोन करते. तुझा आवाज असा का, विचारते. मी उचलणं थांबवलं.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. आंबे सडले.

दोन दिवस लॅबला गेले नाही. कुणी विचारलं नाही.

गायूला कुणी पाजलं का ते— विचारायचं होतं.

२ मे, शुक्रवार

एक गोष्ट लक्षात आली. लिहायला बसलं की कळतं. काय करायला पाहिजे ते. अक्षरं समोर दिसतात, मागचं पान दिसतं, त्यात मी रडले असं लिहिलंय, घाबरलेय असं लिहिलंय. माझंच अक्षर. त्या बाईला माहीत होतं. वही मिटली की जातं.

म्हणून वही घेऊन खाली आले. गायूजवळ बसून लिहिते.

ओठ सुकलेत. टाळू आत गेलीय. श्वास आहे. डोळे माझ्याकडे.

धनश्री खडे चिकटवतेय. सांगितलं तिला. हो म्हणाली. हात थांबला नाही. पुन्हा सांगितलं. हो.

४ मे, रविवार

गायूच्या शेजारी. सकाळ.

काय करायचं ते: हिला उचलायचं. ड्रमचं पाणी नाही. कोपऱ्यावर रिक्षा असतात. सरकारी दवाखाना म्हणायचं. डॉक्टरांना सांगायचं, ही रडत नाही म्हणून तिला भूक नाही असं समजू नका. नळीने दूध द्या. बस. एवढंच. अवघड नाही. ललितलाही जमलं असतं. तो शेजारी झोपलाय.

मुठीत माझं बोट दिलं. धरत नाही.

श्वास मघापेक्षा लांब लांब.

मी बसलेय कारण लिहितेय. लिहितेय म्हणून कळतंय. थांबले की कळणार नाही, म्हणून थांबत नाही— पण लिहिताना हात मोकळे नाहीत— हे आत्ता लक्षात—

उचलते. वही ठेवायची आणि त्याच झटक्यात उचलायचं. मध्ये वेळ जाऊ द्यायचा नाही. भीती वाटायला पाहिजे आत्ता. मागच्या पानावर आहे ती. वाचली. अक्षरं आहेत.

गायू, उठते हं. हे वाक्य संपलं की उठते, पेन खाली ठेवते, तुला घेते, दार उघडंच आहे, रिक्षा दिसतेय मला इथून, हे वाक्य संपलं की लगेच, फक्त हे वाक्य संपलं की मी आणि तू, हे वाक्य